सावलीची धार

जुन्या फिल्म कॅमेऱ्याची स्तुती हल्ली एका ठरलेल्या सुरात चालते. कॅमेरा हातात आला की माणूस थांबतो, श्वास घेतो, क्षण जगतो, असं बरंच काही. मला या सुराचं वावडं आहे. सावकाश काम करण्याने कुणी छायाचित्रकार होत असतं, तर तालुक्याच्या कचेरीतून दरवर्षी दोन-चार तरी बाहेर पडले असते. जुना कॅमेरा शिकवतो ती गोष्ट बरीच रुक्ष आहे. तो उजेड जोखायला शिकवतो, आणि तोही फोटो दिसण्याच्या आधी. बाकीचं सगळं, म्हणजे चामड्याची केस, शटरचा खटका, रोल धुऊन येईपर्यंतची हुरहुर, त्याच्याबरोबर फुकट मिळतं. आवडलं तर घ्यावं.

उदाहरणासाठी मी झेनिट-ई हा कॅमेरा समोर धरतो. शिकवणारे बहुतेक लोक पेंटॅक्स के-१००० चं नाव घेतील. १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं तो बनत होता आणि जगभर विद्यार्थ्यांचा कॅमेरा म्हणून ओळखला गेला. त्यात चूक काही नाही. पण पेंटॅक्स थोडी मदत करतो. व्ह्यूफाइंडरमध्ये उजवीकडे काटा असतो, तो मधोमध आणला की काम झालं. झेनिट एवढाही हात देत नाही. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात १९६५ पासून तो बनू लागला, पुढे बेलारूसमध्येही बनला, आणि ऐंशीच्या दशकापर्यंत त्याचे सुमारे ऐंशी लाख नग बाहेर पडले. भारत आणि सोव्हिएत युनियनमधला व्यवहार रुपयांत चालायचा, त्या काळात तिकडच्या स्वस्त पुस्तकांच्या जोडीने हे कॅमेरेही आपल्याकडे आले. मुंबईत चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात चिकाटीने फिरलं तर आजही एखादा भेटतो. काहींच्या कपाळावर १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचं चिन्ह असतं. विकणारा त्याचे वेगळे पैसे मागतो. देऊ नयेत, आत कॅमेरा तोच असतो.

लेन्ससकट त्याचं वजन किलोभर भरतं. बॅटरी नाही, कारण बॅटरी लागेल असं आत काही नाहीच. समोर, नावपट्टीच्या जागी, खडबडीत काचेची एक पट्टी आहे. तिच्यामागे सेलेनियम असतं. त्यावर उजेड पडला की किंचित वीज तयार होते आणि कॅमेऱ्याच्या माथ्यावरचा काटा हलतो. इतकाच त्याचा मीटर, आणि तो बाकीच्या यंत्राला कुठेही जोडलेला नाही. काटा बघायचा, शेजारची चकती फिरवून खूण त्या काट्यावर आणायची, चकतीवरचे आकडे वाचायचे, आणि मग ते आकडे शटरवर आणि लेन्सवर आपल्या हाताने लावायचे. चकतीवर फिल्मचा वेग आयएसओमध्ये नसून गोस्ट या सोव्हिएत मापात लिहिलेला असतो: ६५, १३०, २५०. शंभर आयएसओची फिल्म असेल तर ६५ धरून चालतं. थोडी तफावत राहते, पण फिल्म ती सहज पोटात घेते.

या गैरसोयीचाच उपयोग होतो. आजच्या कॅमेऱ्यात एक आकडा दिसतो, झेनिटच्या चकतीवर एकदम सगळ्या जोड्या दिसतात. एफ/१६ ला १/१२५, एफ/११ ला १/२५०, एफ/८ ला १/५००. या तिन्ही जोड्यांनी फिल्मवर सारखाच उजेड पडतो. अ‍ॅपर्चरचं भोक एक पायरी लहान केलं की उजेड निम्मा होतो, शटर एक पायरी सावकाश केलं की दुप्पट. या पायरीला स्टॉप म्हणतात. वर्गात हे फळ्यावर लिहून सांगितलं की मुलं मान डोलावतात आणि विसरतात. चकती हातात फिरताना दोन आकडे एकमेकांच्या उलट सरकतात, ते विसरणं कठीण असतं.

आणि लेन्स. झेनिटवर बहुधा हेलिओस-४४-२ असते: ५८ मिलिमीटर, एफ/२, जर्मन बिओटारच्या घडणीवरून केलेली. तिला अ‍ॅपर्चरच्या दोन कड्या आहेत. एका कडीवर आकडा लावून ठेवायचा, भोक पूर्ण उघडं ठेवून फोकस करायचा, आणि बटण दाबण्याआधी दुसरी कडी फिरवून भोक त्या आकड्यापर्यंत आवळायचं. आवळलं की व्ह्यूफाइंडरमधलं चित्र डोळ्यांदेखत काळवंडतं. एफ/२ ला भोक एकोणतीस मिलिमीटरचं असतं, एफ/१६ ला चार मिलिमीटरही नाही. सहा स्टॉपचा फरक, म्हणजे उजेड चौसष्टावा हिस्सा. त्या अंधारात नीट पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. मघाशी पुसट असलेली मागची भिंत, तिच्यावरची जाहिरात, दोरीवरचे कपडे, सगळं हळूहळू रेखीव होत जातं. डेप्थ ऑफ फील्ड हे प्रकरण पुस्तकात चार पानं घेतं. इथे ते अर्ध्या फेऱ्यात समजतं. आधुनिक कॅमेरे भोक शेवटच्या क्षणापर्यंत उघडं ठेवतात, म्हणजे डोळ्याला त्रास नको. शिकणाऱ्याला तो त्रास हवा असतो.

एक दोष मात्र सांगायला हवा. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं त्यापेक्षा निगेटिव्हवर बरंच जास्त येतं. फिल्मची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची, दिसतो तो भाग २० बाय २८ चा. कडेला उभा असलेला नको तो मामा फोटोत हमखास येतो.

आता मीटरबद्दल. इतक्या वर्षांनी निम्म्या झेनिटचं सेलेनियम थकलेलं असतं. काटा हलत नाही किंवा भलतंच काही दाखवतो. विकणारा म्हणतो, "मीटर का क्या है साब, बाकी चालू कंडिशन है." तो स्वतःच्या नकळत खरं बोलत असतो. मीटर नसलेला कॅमेरा शिकायला जास्त चांगला.

साताऱ्याला एक जुने स्टुडिओवाले आहेत. सत्तरी ओलांडलेली, स्टुडिओ आता पुतण्या बघतो. लग्नं, शाळांचे ग्रुप फोटो, विम्याच्या दाव्यासाठी मेलेली जनावरं, पंचनामे, सगळं त्यांनी रोलवर केलं. उजेड कसा ओळखायचा असं विचारलं तर ते आकाशाकडे बघतच नाहीत, खाली बघतात. "वर बघून डोळे दिपतात. जमिनीवर तुमची सावली पडलीय ना, तिची धार बघा."

सावली काळी आणि कातरलेल्या कागदासारखी धारदार असेल तर एफ/१६. कडा जराशा विरघळल्या असतील, म्हणजे सूर्य पातळ ढगाआड आहे, तर एफ/११. सावली असल्यासारखी वाटते पण बोट ठेवता येत नाही, तेव्हा एफ/८. सावलीच नाही, तेव्हा एफ/५.६. झाडाखाली, ओसरीत, इमारतीच्या आडोशाला साधारण तेवढंच किंवा आणखी एक स्टॉप. आणि शटर फिल्मच्या वेगाइतकं: शंभरच्या फिल्मला १/१२५, चारशेच्या फिल्मला १/५००. या हिशेबाला जगभर 'सनी सिक्स्टीन' म्हणतात. रोलच्या खोक्याच्या आतल्या बाजूला सूर्य-ढगांची चित्रं काढून हाच तक्ता कित्येक वर्षं छापलेला असायचा. खोकं फाडून फेकून दिलं की तो जायचा, म्हणून हे काका तो कापून पाकिटात ठेवत.

हिशेब चालतो कारण सूर्य बदलत नाही. भर दुपारचा स्वच्छ उजेड रायगडाच्या माथ्यावर आणि सोलापूरच्या स्टँडवर जवळपास सारखाच पडतो. सूर्य वर आल्यावर दोनेक तास गेले की तिथून मावळण्याच्या दोन तास आधीपर्यंत आकडे फारसे हलत नाहीत. डोळा इथेच दगा देतो. आपली बाहुली स्वतःच लहान-मोठी होत असते, त्यामुळे ओसरीतून अंगणात आलं तरी उजेड तीन-चार स्टॉपने वाढलाय हे जाणवत नाही. म्हणून डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, सावलीवर ठेवायचा. पावसाळ्यात तक्ता ताणावा लागतो. आषाढात घाटात काळा ढग उतरला की एफ/५.६ वरूनही एक-दोन स्टॉप खाली यावं लागतं. श्रावणात ऊन-पाऊस दर पाच मिनिटांनी बदलतं, तेव्हा सराव चांगला होतो: प्रत्येक ढगाबरोबर मनात आकडा बदलायचा, कॅमेरा पिशवीतून काढायचा नाही. काका हे बसच्या खिडकीत बसून करायचे. "एफ/८... एफ/११... आता बोगदा." कंडक्टरला ते देवाचं नाव घेताहेत असं वाटायचं.

मीटर चालू असला तरी त्याची अक्कल किती, हे समजून घ्यावंच लागतं. समोर काय आहे हे त्याला कळत नाही. त्याला सगळं जग एका मधल्या करड्या रंगाचं आहे असं वाटतं. कोडॅकचं ग्रे कार्ड पडणाऱ्या उजेडातला १८ टक्के परत फेकतं, मीटरच्या मते सगळंच तसं असतं. आषाढी वारीत कॅमेरा घेऊन उभे राहा. समोर पांढऱ्या टोप्या, पांढरी धोतरं, पांढरे सदरे. मीटर म्हणतो, बाप रे, केवढा उजेड, आणि एक्स्पोजर कमी करायला सांगतो. त्याचं ऐकलं तर टोप्या धुरकट येतात आणि टोप्यांखालचे सावळे चेहरे काळेठिक्कर पडतात. तिथे एक-दीड स्टॉप जास्तच द्यायचा. उलट, काळ्या पाषाणाचं देऊळ किंवा डबक्यात बसलेली म्हैस चौकट भरून घेतली तर मीटर घाबरून एक्स्पोजर वाढवतो आणि म्हैस राखेत लोळल्यासारखी दिसते. यावरचा सोपा उपाय म्हणजे आपला तळहात. ज्या उजेडात माणूस उभा आहे त्याच उजेडात तळहात धरायचा, मीटर त्याच्याजवळ नेऊन मोजायचं, आणि एक स्टॉप वाढवायचा. तळहात सगळ्यांचाच करड्यापेक्षा उजळ असतो.

अमेरिकेत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या आसपास याच गोष्टीची झोन सिस्टिम नावाची शिस्त बांधली. गडद काळ्यापासून कोऱ्या पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्या, आणि समोरची कुठली वस्तू कुठल्या पायरीवर बसवायची ते आपण ठरवायचं. अ‍ॅडम्सच्या डोंगरांचे फोटो पाहून लोक कॅमेऱ्याचं नाव विचारतात. विचारायचा प्रश्न पायरीचा असतो.

आकडे हाताशी बसले की खरी निवड सुरू होते. गणपतीत ढोलपथकाचा फोटो घ्यायचाय. १/५०० ला टिपरू हवेत गोठतं, वाजवणाऱ्याच्या दंडावरची शीर दिसते, पण ढोल वाजतोय असं वाटत नाही. १/६० ला टिपरू पुसट होतं, चेहरा बऱ्यापैकी टिकतो, आणि आवाज ऐकू येतो. उजेड दोन्हीकडे सारखाच ठेवता येतो. कुठला फोटो हवा, हे यंत्र सांगू शकत नाही. झेनिटचं शटर १/३० ते १/५०० एवढंच, शिवाय बटण दाबून धरेपर्यंत उघडं राहणारं 'बी'. त्यामुळे काही निवडी रोल घेतानाच करून टाकाव्या लागतात. चारशेची फिल्म भर उन्हात टाकली तर १/५०० ला एफ/१६ शिवाय गत्यंतर नाही, मागचं पुसट करण्याचा विषयच संपतो. शंभरची टाकली तर उन्हात एफ/८ मिळतं, पण संध्याकाळी घरात ट्रायपॉडवाचून काही मिळत नाही. माणूस आठवडाभराच्या हवामानाचा विचार करून रोल विकत घेऊ लागतो.

फोकसचंही तसंच. हेलिओसवर अंतराचे आकडे आहेत. एफ/१६ लावून कडी सात मीटरवर ठेवली की साडेतीन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं नीट येतं. मंडईत फिरताना मग फोकसला हात लावावा लागत नाही. फक्त साडेतीन मीटर म्हणजे किती पावलं हे पायांना माहीत हवं.

हे सगळं डिजिटल कॅमेऱ्यावर शिकता येत नाही का? येतं. मॅन्युअल मोड प्रत्येक बऱ्या कॅमेऱ्यात असतो, फुकट असतो, आणि चूक लगेच दिसते. ज्यांना केवळ तंत्र शिकायचंय त्यांनी जुन्या कॅमेऱ्यावर पैसे घालवू नयेत, हे मी अनेकांना सांगत आलो आहे. फरक फक्त एका ठिकाणी पडतो. मागच्या पडद्यावर फोटो दिसला की शिकणारा अंदाज करायचा सोडून देतो. काळा आला, वाढव. पांढरा आला, कमी कर. चार फोटोंत बरोबर येतं, पण 'बरोबर' काय हे आधी ठरवलेलंच नसतं. फिल्मवर आधी बोलावं लागतं, निकाल आठवड्याने लागतो. डिजिटलचा पडदा काळ्या चिकटपट्टीने झाकून आठवडाभर काम केलं तर तोच उपयोग होईल. पण ही चिकटपट्टी पहिल्या संध्याकाळपर्यंत टिकल्याचं मी कुणाकडे पाहिलेलं नाही.

आपल्याकडे छायाचित्रणाचं शिक्षण सुरू झालं तेव्हा तर अंदाज हाच अभ्यासक्रम होता. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे बंधू नारायण दाजी स्वतः फोटो काढत. लगेच पुढच्या वर्षी-दोन वर्षांत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग भरू लागला, आणि त्यातून शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्टुडिओ थाटला. त्यांच्यासमोर काच होती, तिच्यावर कोलोडियनचा ओला थर. तो थर ओला आहे तोवरच फोटो घ्यायचा आणि धुवायचा. मुंबईच्या उन्हाळ्यात तो किती लवकर वाळत असेल याची कल्पना करून बघावी. मीटर नाही, छापील तक्ता नाही, दुसरी काच तयार करायला पुन्हा सगळा खटाटोप.

दादासाहेब फाळके सिनेमावाले म्हणून आपल्याला माहीत, पण त्याआधी ते बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकलेले, गोध्र्यात फोटोचा धंदा करून पाहिलेले गृहस्थ होते. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर त्यांनी वाटाण्याचं रोप कुंडीत लावून त्याच्या वाढीची एकेक चौकट दिवसामागून दिवस टिपली. 'अंकुराची वाढ' ही ती छोटी फिल्म दाखवून त्यांनी पुढच्या चित्रपटासाठी पैसे उभे केले. मला त्यात छायाचित्रकाराची पक्की वही दिसते. रोज उजेड वेगळा, रोज चौकट तीच, आणि शेवटी सगळं एका धाग्यात दिसलं पाहिजे. कोऱ्या फिल्मला भोकं पाडणं, रसायनं मिसळणं, अंधारात फिल्म धुणं ही कामं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई शिकल्या. 'राजा हरिश्चंद्र'च्या गौरवात हा तपशील बहुतेकदा एका ओळीत आटोपतात, तो तेवढ्यावर आटोपण्यासारखा नाही.

होमाई व्यारावाला यांचं तर सगळं शिक्षणच कमी फोटोंवर झालं. १९१३ मध्ये नवसारीला जन्म, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिक्षण, कॅमेऱ्याचे धडे माणेकशॉ व्यारावाला यांच्याकडून. सुरुवातीचे त्यांचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावाने. पुढे दिल्लीत त्या वृत्तछायाचित्रकार म्हणून वावरल्या तेव्हा हातात स्पीड ग्राफिक असायचा. त्याच्या एका होल्डरमध्ये फिल्मचे दोनच तुकडे बसतात. रोलिफ्लेक्सवर बारा फोटो. समारंभाला पंतप्रधान एकदाच येतात आणि एकदाच जातात, त्यामुळे नेता गाडीतून उतरायच्या आधीच उजेडाचं आणि अंतराचं गणित झालेलं असावं लागायचं. त्यांना २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं, २०१२ च्या जानेवारीत त्या गेल्या.

सामान्य घरांत मात्र गणिताची कटकट नव्हती, कारण तिथे आग्फा क्लिक-३ होता. बडोद्यात बनणारा, प्लॅस्टिकचा, १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो देणारा. ऊन किंवा ढग, यापलीकडे त्याला काही विचारता येत नसे. सहलीला जाण्याआधी त्यात रोल टाकायचा, आणि तो दिवाळीपर्यंत पुरवायचा. त्याच काळात सरकारने फिल्मही देशात बनवायचं मनावर घेतलं. हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली, १९६७ मध्ये उटीला उत्पादन सुरू झालं. थंड, धूळ कमी असलेली हवा फिल्मच्या लेपाला हवी असते. 'इंदू' नावाचा तिचा कृष्णधवल रोल शिकणाऱ्यांच्या पिशवीत असायचा, कारण तो परवडायचा. आता तो कारखाना बंद आहे, आणि हा खरा अडचणीचा मुद्दा आहे. आज छत्तीस फोटोंचा परदेशी रोल, तो धुण्याचे आणि स्कॅन करण्याचे पैसे मिळून बिल चार आकड्यांत जातं. प्रत्येक खटक्याला तीस-चाळीस रुपये पडतात. फिल्मवर शिकणं ही हळूहळू पैसेवाल्यांची हौस होत चालली आहे, आणि जुन्या कॅमेऱ्यावरच्या सुंदर लेखांत हे कुणी लिहीत नाही.

म्हणून रोल वाया जाऊ नये याची युक्ती कॅमेऱ्यापेक्षा महत्त्वाची. ती म्हणजे वही. पुण्याच्या एका कला महाविद्यालयात शिकणारी मुलगी मला भेटली, आजोबांचा झेनिट घेऊन फिरणारी. आजोबा साखर कारखान्यात होते, कॅमेरा त्यांनी दोन वर्षं वापरला आणि मग माळ्यावर टाकला. तिच्या वहीत प्रत्येक फोटोपुढे चार रकाने: सावली कशी, अ‍ॅपर्चर, शटर, आणि काय दिसावं असं वाटलं. चौथा रकाना तिचा स्वतःचा. "चेहरा उजळ, खिडकी जळाली तरी चालेल." "पायरीवरचं पाणी चमकायला हवं, बाई काळी आली तरी हरकत नाही." रोल धुऊन आला की ती कॉन्टॅक्ट शीट काढून घेते. सहा-सहा फोटोंच्या सहा पट्ट्या एकाच कागदावर, एकाच एक्स्पोजरने छापलेल्या. लॅब स्कॅन करताना सगळे फोटो सारखे उजळ करून देते, तिथे काही कळत नाही. कॉन्टॅक्ट शीटवर अंडर झालेला, म्हणजे कमी उजेड पडलेला फोटो अंडरच दिसतो. ती पेन्सिल घेऊन शीट आणि वही शेजारी ठेवते.

"आजोबा, तुम्ही का नाही लिहून ठेवलं?" असं तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, तेव्हा आम्हाला वाटायचं फोटो नशिबाने येतात."

कृष्णधवल रोल घरी धुणं परवडतं आणि जमतंही. अंधार फक्त फिल्म टाकीच्या चक्रावर चढवण्यापुरता लागतो, त्यासाठी बाह्या असलेली काळी पिशवी मिळते. पुढचं सगळं उजेडात. डी-७६ हा डेव्हलपर कोडॅकने १९२७ मध्ये आणला, त्याचा नुस्खा उघड आहे: लिटरभर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. मग आम्लाचं पाणी, मग हायपो. हायपो चांदीचे क्षार विरघळवतं हे जॉन हर्शेलने १८१९ मध्येच नोंदवलं होतं. फोटोग्राफी जन्माला यायच्या आधीच तिची शेवटची पायरी तयार होती. आपल्याकडची अडचण वेगळी. सगळे तक्ते २० अंशांवर लिहिलेले, आणि एप्रिलमध्ये नळालाच ३० अंशांचं पाणी. भांडं बर्फाच्या परातीत ठेवून थर्मामीटर बघत बसावं लागतं. २४ अंशांवर धुतलं तर वेळ जवळपास एक तृतीयांशाने कमी होते. त्याहून वर गेलं तर इतक्या थोड्या वेळात सगळं उरकावं लागतं की टाकी हलवण्यातला फरकसुद्धा निगेटिव्हवर डाग होऊन उमटतो. पावसाळ्यात उलटी तऱ्हा, पाणी ठीक पण फिल्म वाळता वाळत नाही.

एक नियम मात्र सगळ्या निगेटिव्ह फिल्मना लागू: शंका आली तर एक स्टॉप जास्त द्यावा. जास्त उजेड पडलेल्या निगेटिव्हमधून फोटो काढता येतो. ज्या सावलीत फिल्मवर काही उमटलंच नाही, तिथून काहीच काढता येत नाही. स्लाइड फिल्मला हेच उलटं, आणि तिथे चुकीला जागा अर्ध्या स्टॉपचीच.

कॅमेरा घेताना काय पाहावं? मागचं झाकण उघडून शटरचे पडदे उजेडाकडे धरावेत, सुईच्या टोकाएवढं छिद्रही दिसता कामा नये. लेन्समधून टॉर्च मारावा. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, म्हणजे फंगस. मुंबई-कोकणातल्या कपाटांत राहिलेल्या लेन्सना ती हटकून असते. झाकणाच्या कडेला स्पंज असेल तर तो बोटाला चिकटतो का, ते बघावं. चिकटला तर प्रत्येक फोटोवर उजेडाचा पट्टा येणार. रूप चकचकीत असलं तर उलट जास्त संशय घ्यावा.

वही ठेवणाऱ्या त्या मुलीच्या झेनिटचं रूप बरं होतं, पण वहीत एक विचित्र गोष्ट निघाली. उन्हातले सगळे फोटो, सावली बघून नीट आकडे लावलेले, थोडे ओव्हर येत होते. ढगाळ हवेतलेही. सगळे सारखेच. ती कॅमेरा घेऊन मुंबईला फोर्टमधल्या बोरा बाजारात गेली. तिथे कॅमेरे दुरुस्त करणारे काही वृद्ध कारागीर अजून बसतात. मीही बरोबर होतो. त्यातल्या एकाच्या टेबलावर उघडलेल्या यंत्रांचे दोन ढीग होते. एकात साठ-सत्तरच्या दशकातले धातूचे कॅमेरे, दुसऱ्यात नव्वदच्या दशकातले ऑटोफोकसवाले. दुसऱ्या ढिगातले त्यांनी परत न्यायला सांगितले होते, कारण सर्किट गेलं की सुटा भाग मिळत नाही. पहिल्या ढिगात तीन बंद झेनिटमधून एक चालू करण्याचं काम चाललं होतं.

त्यांनी तिचा कॅमेरा एका यंत्रासमोर धरून शटर पाचसहा वेळा उडवलं, आकडे कागदाच्या कपट्यावर लिहिले.

"शटर सुस्त झालंय बाळा. पाचशेला तीनशेच्या आसपास देतंय. अडीचशेला दीडशे."

"म्हणजे खराब झालं का काका?"

"खराब कसलं? सगळे स्पीड सारखेच मागे पडलेत, एकही वेडावाकडा नाही. तुझ्या वहीत तेच तर आलंय. अर्धा-पाऊण स्टॉप कमी धरून चालव."

"आणि दुरुस्त करायचं असेल तर?"

"उघडून साफ करून तेल घालावं लागेल. आता गणपती तोंडावर आहेत, माझ्याकडे काम फार आहे. गणपतीनंतर ये. तोवर घेऊन जा, ढोलाचे फोटो काढ."